मडक्यातले पाच तास

मोहोपाड्याच्या नाक्यावरून मिनीबस सुटली तेव्हा पहिल्या सीटवर आमचे मुख्याध्यापक, म्हणजे मोठे सर, दोन मांड्यांवर दोन रिकामी मडकी घेऊन बसले होते. मागून नववीचा अख्खा वर्ग ओरडत होता, "सर, सांभाळून! आमचं गणित फुटंल!"

गणित खरंच त्या मडक्यांत होतं. विज्ञान, भूगोल आणि मराठीही. मी विज्ञान शिकवते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. त्याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. पण नववीत घनफळाचं सूत्र घोकताना ते नेमकं कशाचं घनफळ, हे मला कुणी दाखवलं नव्हतं. म्हणून आम्ही चार शिक्षकांनी मिळून एकच टाचण (तासाची लेखी आखणी) काढलं: कळंबला शेतावर जायचं, पोपटी लावायची आणि त्यात चारही विषय शिकवायचे. पोपटी म्हणजे मडक्यात वालाच्या शेंगा भरून, मडकं उपडं घालून, भोवती पेंढा पेटवून भाजायच्या. आमच्या रायगडची थंडीतली चैन.

बाकीचे तिघे शाळेतले वर्ग सांभाळायला मागे राहिले. मोठे सर मात्र स्वतः आले, कारण त्यांची अट होती. "एक शनिवार देतो. पोरं नुसती जेवून आली, तर हा विषय परत काढायचा नाही. शिकून आली, तर दर महिन्याचा एक शनिवार तुमचा." म्हणजे सरांच्या मांडीवर माझे वर्षभराचे शनिवार हिंदकळत होते.

चौक सोडून कर्जतच्या रस्त्याला लागलो. डावीकडे माथेरानचा डोंगर उन्हात आळस देत पडला होता. कर्जतला वडापावसाठी थांबलो. सरांनी दुसरा मागवला तशी पोरं खुसखुसली. वर्गातली सगळ्यात तिखट जिभेची मनाली म्हणाली, "सर, हे पण बाईंच्या टाचणात हाय का?"

"प्रस्तावनेत आहे," सर म्हणाले आणि मिरचीचा तुकडा मोडला.

मला हसू आवरेना. हा माणूस शाळेत हसतो तो फक्त स्नेहसंमेलनाच्या फोटोत!

कळंबच्या आधी रिसॉर्टांच्या पाट्या सुरू झाल्या. पोरांनी त्या एका सुरात वाचल्या आणि बस पाड्याच्या वाटेला वळली. शेताच्या बांधावर हिराकाकी उभ्या होत्या. माझ्या कॉलेजातल्या ठाकर मैत्रिणीची ही आई.

"एवढी पोरं? माज्या शेंगा पुरायच्या नायत गं!"

"काकी, अर्ध्या गणितात जातील."

"गणितात जाऊ दे. पोटात नको जायला," काकी म्हणाल्या आणि स्वतःच खळखळून हसल्या.

भात कापून मोकळ्या झालेल्या खाचरात वाल हिरवागार होता. मी भूगोलाचा प्रश्न सोडला: पाऊस कधीच गेला, शेतात पाट नाही, मग हा वाल पितो काय? क्षणात पोरं गुडघ्यांवर बसून माती उकरायला लागली. "बाई, वर कोरडी आन् खाली गार हाय!" कुणी ओरडलं. डॉक्टरांचा निनाद तर पुरावा म्हणून ढेकूळ खिशात घालायला निघाला.

मग गणित. दोऱ्याने मडक्याचा घेर मोजला, गोलाच्या सूत्रात घातला, घनफळ काढलं. ताळा करायला मडकं बाटल्या-बाटल्यांनी पाण्याने भरलं, तर पाणी उत्तरापेक्षा कमीच मावलं.

"मडकं चुकलंय," निनाद म्हणाला.

"मडकं नाय चुकत रं. तू भायेरून मोजलंस. आतून मोज की!" मनालीने मडक्याच्या जाड काठावर टिचकी मारली. मी नुसती मान डोलावत उभी राहिले. गणिताच्या सरांनी फळ्यावर दोन तास घातले असते.

पाणी ओतून टाकलं. दोन गटांनी दोन मडकी भरली: तळाला भांबुर्डा (शेतात उगवणारा उग्र वासाचा पाला), वर मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, बटाटे, पुन्हा पाला. दुसरं मडकं मनालीच्या ताब्यात होतं. तोंडं पाल्याने गच्च बुजवून मडकी उपडी घातली, पेंढा रचला, काडी लावली.

पहिल्याभोवती ज्वाळा उठल्या. दुसऱ्याखालून नुसता धूर.

वारा असेल म्हणून आडोसा केला. पेंढा ओला असेल म्हणून बदलला, तर नवाही खालून ओला झाला. धूरच. पोपटी एकदा लावली की उचलत नाहीत, त्यामुळे आत डोकावायची सोय नाही. हिराकाकींनी पहिल्या मडक्यावर पाण्याचे थेंब शिंपडले. चर्र! थेंब गायब. म्हणजे झाली. दुसऱ्यावर शिंपडले, तर ते निवांत ओघळत खाली आले.

निनाद मनालीकडे वळला. "तू पाणी नीट ओतलंच नाहीस. मडक्यात राहिलं."

"मी पालथं करून झटकलंय!"

"मग आत पाणी आलं कुठून?"

मनालीचे डोळे भरून आले. एक पोर रडत घरी गेली, तर कसले शनिवार आणि कसलं काय.

तेवढ्यात मागून सर खाकरले. हातात रिकामी बाटली.

"तिने झटकलं होतं. पाणी मी घातलं. शेंगा भरल्यावर, कुणी बघत नसताना. पहिल्याचं तोंड तोवर बुजवून झालं होतं."

सर मूळचे घाटावरचे (सह्याद्रीपलीकडचे). पोपटी त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. "कोरडं मडकं जाळावर," ते पुटपुटले, "मला वाटलं, करपेल. पोरं उपाशी राहतील."

हिराकाकींनी कपाळावर हात मारला. "अवो गुरुजी, पोपटीत पाणी नाय घालत! शेंगेच्या आंगातच पाणी असतंय!"

मनालीने डोळे पुसले. "सर, उद्या भाकरी पन पाण्यात भाजाल!" आणि वर्ग असा फुटला की बांधावरचे बगळे उडाले. सर सगळ्यांत मोठ्याने हसत होते.

मी ती संधी सोडते काय! "एका मडक्यात पाणी, एकात नाही. बाकी सगळं सारखं. याला विज्ञानात काय म्हणतात?"

"प्रयोग!" वर्ग गरजला. मी आखलेला प्रयोग याच्या निम्म्यानेही चांगला नव्हता.

पहिल्या मडक्यातल्या शेंगा खमंग, धुरकट निघाल्या. दुसऱ्यातल्या नंतर बऱ्याच उशिराने निघाल्या, गिळगिळीत. सरांनी हट्टाने त्याच खाल्ल्या. परतीच्या बसमध्ये मराठीचा तास झाला: 'आमचं दुसरं मडकं' यावर प्रत्येकाने चार ओळी लिहायच्या आणि उभं राहून वाचायच्या. प्रत्येक ओळीत सर होते. चौक आलं तेव्हा ते माझ्याकडे वळून म्हणाले, "पुढच्या महिन्याचं टाचण लवकर द्या. आणि मला पाण्यापासून लांब ठेवा."

घरी बाबांसाठी रुमालात शेंगा बांधून आणल्या होत्या. बाबा कारखान्यात हेल्पर आहेत, शाळा चौथीत सुटली. एक शेंग सोलून ते म्हणाले, "पोरांना पोपटी खायला घालायची, याचा पगार देतात तुला?"

"होय!" मी छाती काढून सांगितलं आणि सगळी हकीकत ऐकवली. ते हसले, मग शेंग हातातच धरून थांबले.

"पन मला सांग, पाणी होतं म्हणून उशीर का झाला? जाळ तर दोन्हीकडं लावलाच होता ना?"

आधी सगळा जाळ पाणीच खातं, हे दाखवायला मी पाण्याचं पातेलं गॅसवर चढवलं. बाबा स्टूल ओढून समोर बसले. त्या दिवसाचा माझा पाचवा तास सुरू झाला.