पेरियप्पांचं घरचं मराठी

रेकॉर्डर चालू झाला आणि पेरियप्पा इंग्रजीत बोलायला लागले.

"व्हॉट टू से, मॅडम? आय वॉज बॉर्न इन धिस हाऊस ओन्ली."

मैलापूरच्या त्या हॉलमध्ये माझ्या शेजारी बसलेली गायत्री घामाघूम झाली होती. "पेरियप्पा, घरांत बोल्तां तसं बोला कीं," ती हळूच म्हणाली.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ओशाळं हसले. "म्याडम पुण्याच्या. त्यांच्यापुढें अमचं मराठी कसं बोलांच?"

तेवढं एक वाक्य मराठीत आलं. पुढचा सगळा वेळ इंग्रजी, अधूनमधून तमिळ. मी साताऱ्याची, पण चेन्नईत महाराष्ट्र म्हणजे पुणं. वाद घालण्यात अर्थ नव्हता.

मी इथल्या एका कॉलेजात कम्युनिकेशन शिकवते. बी.ए.ला आम्ही पोरांना माइक धरायला, बातमी लिहायला, जाहिरात करायला शिकवतो. एम.ए.ला आल्यावर सांगतो की आता हे सगळं बाजूला ठेवा आणि लोक एकमेकांशी कसे बोलतात ते नुसतं ऐका. बरीचशी पोरं इथेच वैतागतात. गायत्री राव वैतागणाऱ्यातली नव्हती.

ती तंजावरी मराठी. घराणं कित्येक पिढ्या तमिळनाडूत. चुलत भावंडं तमिळ आणि इंग्रजी बोलणारी. घरात जुनं मराठी उरलं होतं ते फक्त दोघांत, तिच्यात आणि पेरियप्पांत. पेरियप्पा म्हणजे थोरले काका. रेल्वेतून रिटायर झालेले, बिनलग्नाचे. वडील गेल्यावर गायत्रीला त्यांनीच वाढवलं.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षी तिनं घरातल्या आवाजांवर एक ऑडिओ फीचर केलं होतं. त्यात प्रेशर कुकर होता, देवळाची घंटा होती आणि स्वयंपाकघरातून पेरियप्पांची हाक होती: "काफी निवली कीं गे! कोठें गेलीस?" ते 'निवली' ऐकून मी जागेवरून उठले होते. माझी पणजी दूध, आमटी गार झाली की असंच म्हणायची. "एम.ए. कर, यावरच डिसर्टेशन कर," मी तिला सांगितलं. डिसर्टेशन म्हणजे एम.ए.चा मोठा प्रबंध. तो चांगला झाला तर पुढे पीएच.डी.ची वाट सोपी होते, आणि गायत्रीला ती वाट हवी होती.

आता मी त्या हॉलमध्ये का होते? तर डिपार्टमेंटचा नियम. आधीच्या एका बॅचमधल्या महाभागानं सगळ्या मुलाखती हॉस्टेलच्या खोलीत बसून स्वतःच लिहिल्या होत्या. तेव्हापासून पहिल्या मुलाखतीला गाईडनं हजर राहायचं.

"पुढच्या वेळी मी येणार नाही," मी गायत्रीला जिन्यात म्हणाले. "तू एकटी असलीस की बोलतील."

बोलले. पंधरवड्यानं ती माझ्या केबिनमध्ये आली आणि तिनं हेडफोन पुढे केला. मी ऐकलं.

"बाळ गायत्री, या घराच्या प्रतिष्ठेचा प्रश्न आहे. मी तुला निक्षून सांगतो."

"हे कोण?"

"पेरियप्पाच, मॅम. केबलवाल्याला सांगून मराठी चॅनेल घेतलं. सकाळपासून सीरियल बघतात. म्हणतात, तुझ्या डिग्रीचा विषय आहे, चुकीचं बोलून कसं चालेल?"

मला हसू आलं आणि लगेच मावळलं. आमच्या विषयात शिकवतात की ऐकणारा बदलला की बोलणारा बदलतो. परीक्षेत पाच मार्कांना येतं. इथे ऐकणारी मी एकदाच येऊन गेले होते, आणि तो माणूस स्वतःच्या घरात, स्वतःच्या पोरीशी परक्यासारखा बोलत होता.

मी पुन्हा मैलापूरला गेले. "तुमचंच मराठी खरं आहे," मी सांगून पाहिलं. "आमच्याकडे ते हरवलंय."

"आपण फार दयाळू आहात," पेरियप्पा म्हणाले. सीरियलचंच वाक्य. मग तमिळमध्ये पुढे म्हणाले, "सभेच्या मैफलीत गाणारा घरातल्यासारखं गुणगुणतो का, मॅडम? तिथे नीटच गायला हवं."

मला वाटलं, त्यांचाच जुना आवाज ऐकवावा, म्हणजे पटेल. गायत्रीनं लॅपटॉपवर ती क्लिप लावली. काफी निवली कीं गे. पेरियप्पांचा चेहरा पडला.

"हे कॉलेजांत अस्क्यांनीं ऐकलं?"

"सगळ्यांना आवडलं," मी म्हणाले.

"नको मां. पुसून टाक."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

पहिल्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात मी शिकवते: आवाज ज्याचा, मालकी त्याची. त्यानं परवानगी मागे घेतली की रेकॉर्डिंग पुसायचं. गायत्री तेव्हा पहिल्या बाकावर असायची. माझ्या ओठांवर आलं होतं, निदान एक कॉपी ठेव. पण तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही. त्यांच्यासमोर लॅपटॉपवरून पुसलं, मग फोनवरून, मग ड्राइव्हवरून. कॉलेजच्या सर्व्हरवरची फाईल दुसऱ्या दिवशी माझ्याकडून काढून घेतली.

डिसर्टेशनचा विषय बदलला: पाहुणा घरात आल्यावर घरची भाषा कशी बदलते. व्हायवाला बाहेरचे परीक्षक होते. त्यांनी विचारलं, "मूळ बोलीचा नमुना कुठे आहे?"

"नाही, सर. बोलणाऱ्यानं परवानगी मागे घेतली."

त्यांनी मान डोलावली आणि मार्क कापले. तरी ती चांगली पास झाली, पीएच.डी.ला प्रवेशही मिळाला. म्हणजे कागदोपत्री सगळं बरंच झालं.

पदवीदानाला पेरियप्पा जरीकाठी वेष्टी नेसून आले होते. "नमस्कार मॅडम, आपण कशा आहात?" मराठी अगदी खणखणीत. मग गायत्रीकडे वळून तमिळमध्ये म्हणाले, चल, उशीर होतोय.

"आता घरी तुम्ही दोघं कुठल्या भाषेत बोलता?" मी तिला बाजूला घेऊन विचारलं.

"तमिळ, मॅम. मी जुन्या मराठीत बोलले की ते माझी चूक सुधारतात."

मला फार वाईट वाटलं.

परवानगीचा तो तास मी अजून घेते. पोरांना म्हणते, पुसायला सांगितलं तर पुसा, कॉपी ठेवू नका. आणि घरी रेकॉर्ड करायला जाल तेव्हा मला नेऊ नका, नियम काहीही असो. पोरं हसतात. त्यांना वाटतं, मॅमना मैलापूरच्या ट्रॅफिकचा कंटाळा आहे.