खंडेनवमीला कुणाचं यंत्र कुठलं

साताऱ्याच्या एका निवृत्त सुभेदारांनी मला घरात ठेवून घेतलं, ते उपकार फिटायचे नाहीत. मी वऱ्हाडातला, पाचवीतच शाळा सोडलेला. दोन वर्षं त्यांच्या घरची भाकरी खाल्ली आणि त्यांच्याच चिठ्ठीवर सांगलीला उसाचे चरक करणाऱ्या कारखान्यात हजेरीचा कारकून झालो. म्हणूनच मोठी लढाई संपून शेअरांचं पेव फुटल्यावर ते निवृत्त होताना पलटणीतून मिळालेली सगळी पुंजी आमच्याच कारखान्याच्या शेअरांत घालायला निघाले, तेव्हा त्यांना अडवणं मला भागच होतं.

हजेरीचं पुस्तक माझ्या हातात होतं ना! चैत्रात लिहिलेली नावं श्रावणात खोडलेली. जुने ओतारी गेले, नवे आले, तेही गेले. हातात कसब असलेली माणसं जिथं टिकत नाहीत, तिथं पैसा टिकेल? कुणी ऐकलं तर नोकरी जाईल, म्हणून दार लावून मी सुभेदारांना हे सांगितलं. एकदा नव्हे, तीनदा!

पहिल्यांदा म्हणाले, "आरं, धुराडं बघितलंस का केवढं हाय!"

दुसऱ्यांदा कंपनीचा फोटोवाला छापील कागद पुढं केला. "ह्या डायरेक्टरांची पागोटी बघ. ही काय लबाड माणसं वाटत्यात व्हय?"

तिसऱ्यांदा तर माझ्यावरच घसरले. "जिथं खातोस त्यालाच नावं ठिवतोस? लाज न्हाई वाटत?"



खंडेनवमीला शेअर घेऊ पाहणाऱ्यांना कारखान्यात पूजेचं बोलावणं होतं. सुभेदार कोटावर पदकं लावून, भरलेला फॉर्म खिशात घालून आले. जो ज्या यंत्रावर काम करतो त्यानंच त्याला हार घालायचा, ही कारखान्यातली रीत. मालकांनी खूण केली. कुणी हलेना. झेंडूचे हार हातात धरून सगळे एकमेकांकडे बघताहेत.

सुभेदारांनी जवळच्याला विचारलं, "तुजं यंत्र कंचं रं?"

"ठावं न्हाई जी. परवाच आलोय."

"आन् तुजं?"

"मी तर आज सकाळी आलोय. ह्यो हार कुटं घालू?"

शेवटी फोरमनच सगळे हार गोळा करून यंत्रांमधून धावत सुटला.

"ज्याला आपली बंदूक वळखता येत न्हाई, त्यो कसला शिपाई," सुभेदार पुटपुटले. बाहेर येताच त्यांनी फॉर्म टरकावला आणि उसळले, "गाढवा, आदी का न्हाई सांगितलंस?"

"तीनदा सांगितलं, काका."

"मग नीट सांगायचं! आन् येवढं कळतंय तर तू कशाला ऱ्हायलास हितं?"

"पाचवीत शाळा सोडलेल्याला दुसरी नोकरी कोण देणार, काका?"

"चल घरी. नोकरी बघू साताऱ्यात. जा, पुस्तकातलं तुजंबी नाव खोडून ये."

"पूजेत ठेवलेली लेखणी आज उचलायची नसते, काका."

"मग नवा कारकून खोडील की," म्हणाले आणि स्टेशनकडे चालू लागले. मी वळकटी आणायला पळालो.