दोनच न्यायमूर्ती

सर्वोच्च न्यायालयात त्या दिवशी दोनच न्यायमूर्ती बसले होते. नर्सच्या नोकरीवरून काढलेल्या माझ्या मावशीचा निकाल होता. एकांनी बडतर्फी बेकायदा ठरवली, दुसऱ्यांनी योग्य. प्रकरण मोठ्या खंडपीठाकडे गेलं.

“म्हणजे मी जिंकले की हरले?” बाहेर येताच मावशीने विचारलं.

“अजून काहीच नाही,” वकील म्हणाले. “तिसरे असते, तर आजच कळलं असतं.”

मावशी पायरीवर बसली. मला म्हणाली, “तिसरे माझ्याविरुद्ध गेले असते तरी चाललं असतं गं.”

विषम संख्येने न्याय अधिक खरा होतो असं नाही. पण माणसाला उत्तर घेऊन घरी जाता येतं.

पुढे तीन न्यायमूर्ती बसले आणि तिघांनीही तिच्याच बाजूने कौल दिला. तो मी एकटीने ऐकला. मावशी आदल्याच वर्षी गेली होती.