काकूंच्या चादरीमागे इस्लापूरपर्यंत

दान दिलेलं पोचतं किती, यावर आमच्या लातूरच्या गल्लीत दर हिवाळ्यात वाद होतो. यंदा आम्ही बायकांनी इस्लापूरजवळच्या एका वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांसाठी नव्या चादरी गोळा केल्या, आणि शेजारच्या सुशीलाकाकूंनी मला दारातच अडवलं. स्वतःसाठी घेतलेली जाड सोलापुरी चादर त्यांनी कापडी पिशवीत घालून आणली होती. कोपऱ्यात लाल दोऱ्याचं फूलही काढलं होतं.

"मागच्या साली दिलेली कुठं गेली, देवाला ठाऊक. औंदा ही कुणाच्या अंगावर पडली ते डोळ्यानं बघून ये माय. न्हाईतर माझं देणं बंद!"

झालं! मैत्रीण शबाना, तिची छोटी कार, मागच्या सीटवर छतापर्यंत चादरी, आणि आम्ही दोघी शाळेच्या सहलीला निघाल्यासारख्या खूश.

अहमदपूरला स्टँडसमोर गरम भजी हाणली. नांदेडला पोटभर जेवून घ्या, पुढे मनासारखं मिळेलच असं नाही. जाऊन-येऊन पेट्रोल साडेतीन हजारांचं धरा. हिमायतनगरला वाटपाचं बघणाऱ्या तिथल्या मंडळाचे बालाजीभाऊ भेटले. चादरी त्यांनी आपल्या जीपमध्ये घेतल्या.

"तुम्ही सहस्रकुंड बघून या मॅडम. आम्ही कार्यक्रमाची तयारी करून राहिलो."

आम्हाला काय, तेच हवं होतं! काळ्या खडकांवरून कोसळणारं पाणी बघून शबाना जोरात ओरडली. मग मीही ओरडले. काकूंना पार विसरून गेले.

वस्तीवर पोचतो तर मांडव, माइक, खुर्च्या! आपल्याकडे सत्काराशिवाय काही सुरू होतं का? सरपंच झाले, उपसरपंच झाले, माइकवालासुद्धा झाला. मग माझं नाव पुकारलं. हातात नारळ आला आणि खांद्यावर काहीतरी जाड, उबदार पडलं. कोपरा बघितला तर लाल फूल!

मला असं हसू फुटलं की नारळच सुटला. स्टेजवर सगळ्यांच्या खांद्यावर आमच्याच चादरी, आणि समोर म्हाताऱ्या बाया पदर आवळून बसलेल्या.

बालाजीभाऊ कानाशी आले. "शाली कमी पडल्या मॅडम. पाहुण्याला तसंच कसं बसवावं?"

त्यांना त्यात खरंच काही वावगं वाटत नव्हतं. मला मात्र हसता हसता रागही आला. आता काकूंना काय सांगू? मी माइक घेतला, "माझा सत्कार मी या आजींना देते," म्हणाले आणि खाली उतरून पहिल्या रांगेतल्या गंगाबाई नावाच्या आजींच्या अंगावर चादर घातली. टाळ्या पडल्या. सरपंचांनी एकदा आपल्या खांद्याकडे पाहिलं, एकदा गर्दीकडे, आणि तेही उतरले. मग सगळेच उतरले. फक्त माइकवाला तोवर पांघरून घरी गेला होता. तेवढी एक गळती धरा.

गंगाबाईंनी लाल फुलावर बोट फिरवलं. "कुणाची हाय?"

"आमच्या सुशीलाकाकूंची." स्टेजजवळ पडलेली रिकामी पिशवी मी त्यांच्या हातात दिली. "ही पिशवीपण त्यांचीच."

त्या पिशवी घेऊन घरात गेल्या आणि तूरडाळ भरून आणली. मी नको नको म्हणत होते. "मोकळी पिशवी वापस देत न्हाईत माय. तुझ्या काकूला सांग, लई ऊब हाय."

लातूरला काकू दारातच उभ्या. "पोचली का?"

मी शबानानं काढलेला गंगाबाईंचा फोटो फोनवर दाखवला आणि निरोप सांगितला. काकूंनी फोन डोळ्यांजवळ धरला. डोळे पुसले. मग पिशवीत हात घालून डाळ चाचपली आणि एकदम वैतागल्या.

"आता ही पिशवी मी तिला मोकळी कशी पाठवू गं?"

आणि तरातरा आत जाऊन चटणीसाठी शेंगदाणे भाजायला बसल्या.