दिवाळी अंकातलं पान तेवीस

मी भोचक आहे. चारचौघांत मी त्याला जिज्ञासा म्हणते, पण माझा नवरा मला पुरता ओळखून आहे. त्यामुळे हाउन्सलोच्या आमच्या घरात, वरच्या छोट्या खोलीत एक फिलिपिनो गृहस्थ भाड्याने राहायला आले, तेव्हा माझी चंगळच झाली. पन्नाशी ओलांडलेले, ठेंगणे, केस काळेभोर रंगवलेले. एका नर्सिंग होममध्ये म्हाताऱ्यांना उठवणं, आंघोळ घालणं, भरवणं हे त्यांचं काम. "मला कुया म्हणा," म्हणाले. त्यांच्याकडे मोठ्या भावाला तसं म्हणतात. मला मात्र ते शेवटपर्यंत मॅडमच म्हणत राहिले.

दुसऱ्याच आठवड्यात इस्त्रीचं टेबल गायब झालं. शोधत वर गेले, तर कुया त्यावर चित्रं काढत बसले होते. खोलीत पलंग मावल्यावर दुसऱ्या टेबलाला जागाच नव्हती, आणि इस्त्रीचं टेबल हवं तेवढं खाली घेता येतं. पांढऱ्या जाड कागदावर चौकटी आखलेल्या, संवादांचे फुगे रिकामे, आणि माणसं सगळी बिनचेहऱ्याची. हात, बोटं, चपला, खुर्चीच्या पाठीवरचा कोट, सगळं इतकं बारकाईने काढलेलं की मी इस्त्री विसरून तिथेच उभी राहिले.

मग माझे प्रश्न सुरू झाले. निब कुठली, शाई कुठली, फुगे आधी का काढता. ते हसत उत्तरं द्यायचे. तरुणपणी मनिलामध्ये त्यांची चित्रकथा दर आठवड्याला छापून यायची, लोक ती भाड्याने घेऊन वाचायचे. पुढे लष्करी राजवट आली आणि त्यांच्या कथांतल्या जमीनदारांचे, पोलिसांचे चेहरे ओळखीचे वाटू लागले. त्यापायी चार महिने ते तुरुंगात होते. हे सांगताना त्यांचा हात थांबला नाही, म्हणून मीही ऐकताना फार गंभीर झाले नाही. आता वाटतं, व्हायला हवं होतं.

"आणि चेहरे?" मी विचारलं.

चेहरे सगळ्यात शेवटी, ज्या सकाळी पान छापायला जायचं त्या सकाळी. तोवर घरावर धाड पडलीच, तर पोलिसांच्या हाती बिनचेहऱ्याची माणसं लागतील. इंग्लंडमध्ये कोण धाड घालणार आहे, असं मी म्हटलं. हाताला वळण पडलंय, म्हणाले. इथे ते चार पानांची चित्रकथा काढून लायब्ररीत झेरॉक्स करायचे आणि रविवारी चर्चबाहेर आपल्या लोकांना वाटायचे. नर्सेस, केअरर्स, विमानतळावर सफाई करणारे. त्यांच्या गोष्टीतली बाई नेहमी एकच असायची. पातळ सँडल घालून हीथ्रोला उतरलेली.

त्या वर्षी आमच्या मंडळाचा दिवाळी अंक माझ्या गळ्यात पडला होता. दोनशे प्रती. लेख येत नव्हते, मराठी फॉन्ट एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर गेला की त्याची चिन्हं व्हायची, आणि शेवटी एक पान रिकामं राहिलं. मी कुयांना गळ घातली. त्यांनी आनंदाने चार चौकटी काढून दिल्या. पहिलीत ती बाई नोकरीवर रुजू होते, दुसरीत मालक तिचा पासपोर्ट 'सांभाळायला' घेतो, तिसरीत तो ड्रॉवरला कुलूप लावतो, चौथीत ख्रिसमसला तिला चॉकलेटचा डबा देतो आणि ती ड्रॉवरकडे बघत असते. संवाद मी मराठीत लिहिले. चेहरे बुधवारी सकाळी काढून देतो, म्हणाले.

बुधवारी त्यांना होममधून पहाटेच बोलावणं आलं. कोणीतरी आजारी पडलं होतं, डबल शिफ्ट. फोन लॉकरमध्ये. इकडे नवरा बूट घालता घालता म्हणाला, "अगं, दहाला फाइल प्रिंटरकडे पोचायला हवी. स्लॉट गेला तर अंक दिवाळीनंतर येईल. काय ते लवकर डिसाइड कर."

मी ठरवलं. चार चौकटी, एक बाई, एक मालक. शाळेत माझी चित्रकला बरी होती, पण मला समोर बघूनच काढता येतं, मनाने नाही. बाईला मी आरशात बघून माझंच नाक दिलं. मालकासाठी समोर श्रीमंत माणूस हवा होता. टेबलावर मंडळाच्या आश्रयदात्यांचा फोटो पडलेला होता, मागच्या पानावरच्या शुभेच्छांसाठी आलेला. डॉक्टरसाहेब. टक्कल, जाड फ्रेमचा चष्मा, दुहेरी हनुवटी. एवढ्याशा चौकटीत कोण ओळखणार, असं म्हणत मी ते मालकाच्या तिन्ही चौकटींत उतरवले. खरं सांगायचं तर मला मजा येत होती.

गुरुवारी दुपारी अंकाचे खोके आले. बुधवारी मध्यरात्री येऊन पहाटे पुन्हा गेलेले कुया चारला कामावरून परतले. मी मोठ्या हौसेने पान तेवीस उघडून त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी मालकाच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. मग शांतपणे म्हणाले, "मॅडम, तो कसा दिसतो हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

कोण कसा दिसतो, हे मला कळेना.

"आमचा मालक."

डॉक्टरसाहेबांचा प्रॅक्टिसखेरीज काही व्यवसाय आहे, एवढं मी ऐकून होते. तो व्यवसाय म्हणजे नर्सिंग होम्स, आणि त्यातल्याच एकात कुया रोज सकाळी दोन बस बदलून जात होते. निबचा नंबर मी विचारला होता. त्या होमचा मालक कोण, हे माझ्या जिज्ञासेला एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं.

"म्हणजे तुमचा पासपोर्ट..." मी म्हटलं. त्यांनी होकारार्थी मान हलवली. आमच्या घरात राहणाऱ्या माणसाचा पासपोर्ट, ज्यांच्या घरी मी गणपतीला मोदक खाल्ले त्यांच्या ड्रॉवरमध्ये होता.

मग त्यांनी मला नीट समजावून सांगितलं, रागावता आलं असतं तरी. त्यांचं वर्क परमिट त्या एका होमच्या नावावर होतं. नोकरी गेली की देश सोडायचा. आणखी सात महिने काढले की कायम राहण्याचा अर्ज करता येणार होता, आणि मग चार वर्षं न पाहिलेल्या बायकोला आणता येणार होतं. म्हणूनच मालकाचा चेहरा ते आठवडाभर मनात जुळवत होते. कुणासारखाच न दिसणारा चेहरा काढायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, म्हणाले.

आणि शनिवारी अंकाचं प्रकाशन डॉक्टरसाहेबांच्याच हस्ते होतं.

पान कापायचं हे कुणी सुचवलं, ते मी सोयीस्करपणे विसरले होते. आज लिहिते: मीच सुचवलं. कुयांसाठी सुचवलं हे खरं, पण डॉक्टरसाहेबांसमोर माझीही नाचक्की टळणार होती, हेही तितकंच खरं. अंक जसाच्या तसा लोकांच्या हाती द्यावा आणि काय होईल ते होऊ द्यावं, असा विचार कुयांच्या मनात आला असेल का? मी त्यांना तो करायला वेळच दिला नाही.

शुक्रवारी त्यांची सुट्टी होती. दिवसभर आम्ही दोघं पानं कापत होतो. पान मुळापासून कापायचं नाही, बोटभर पट्टी आत ठेवायची, नाहीतर पिनेपलीकडचं जोडपान सुटतं, हे त्यांनीच दाखवलं. फूटपट्टी धरून ते सरळ ब्लेड ओढायचे. एकशे बारा प्रती त्यांनी कापल्या, अठ्ठ्याऐंशी मी. दुपारी चहा देताना ते म्हणाले, "मनिलामध्ये माझं पान मी कधी कापलं नाही. ते पोलीस करायचे." मी खाली मान घालून पुढचा अंक ओढला.

शनिवारी हॉलमध्ये रांगोळी होती, चिवड्याच्या पुड्या होत्या. डॉक्टरसाहेबांनी रिबीन सोडली, अंक चाळला, परदेशात मराठी जपल्याबद्दल माझं कौतुक केलं आणि टाळ्या झाल्या. बावीसनंतर पान पंचवीस येत होतं. आतली पट्टी बोटांना लागत होती. दोनशे लोकांपैकी फक्त सेक्रेटरींच्या बायको माझ्याकडे आल्या. कापलेल्या पानाच्या मागच्या बाजूला त्यांची चकलीची रेसिपी होती. "अगं, इंडेक्समध्ये माझं नाव आहे आणि आत काहीच नाही," त्या फुरंगटून म्हणाल्या. मी म्हटलं, प्रिंटरची चूक.

घरी आले तेव्हा कुया स्वयंपाकघरात भात लावत होते. त्यांची नोकरी वाचली होती, मी तेच सांगायला उतावीळ झाले होते. त्यांनी आधी विचारलं, "कुणी विचारलं का, मधलं पान कुठे गेलं म्हणून?"

मी रेसिपीचं सांगितलं. वाटलं, हसतील. हसले नाहीत. भाताची शिटी झाली तसा त्यांनी गॅस बंद केला.

"आमच्याकडे पान कापलेलं असलं," ते म्हणाले, "की दुसऱ्या दिवशी लोक माझ्या दारात येऊन उभे राहायचे. त्यावर काय होतं ते सांगा म्हणायचे. लष्कर रस्त्यावर असताना."

एवढं बोलून त्यांनी माझंही ताट वाढू का म्हणून विचारलं. मी हो म्हटलं आणि त्यांच्यासमोर जेवायला बसले.