वाहता हौद

फोन आला तेव्हा तव्यावर घावन होतं, भाऊजींसाठीच घातलेलं. गुडघा दाखवायला ते नोव्हेनाच्या हॉस्पिटलात गेले होते, स्वतःचे स्वतः एमआरटीच्या गाडीने, आणि येताना आमच्या गळक्या नळाला वॉशर बसवून, जेवून जाणार होते. बाकावर बसले होते म्हणे. नाव पुकारलं, उठलेच नाहीत... पाच आठवडे झाले. गुडघ्याने माणूस मरतो का, हे मी अजून भेटेल त्याला विचारते. नातू म्हणतो, "हार्ट लाह, आजी. नॉट नी." कळतं रे मला. पटत नाही.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. आंग मो किओला आमच्यापासून दोन ब्लॉक सोडून एकटे राहायचे. नव्वद सालच्या सुमारास त्यांचं काम कॉजवेच्या पुलापलीकडे, शेजारच्या देशात, जोहोरमधल्या एका गुरांच्या फार्मवर होतं. पत्र्याच्या शेडखाली हजारो गुरं, दिवसभर खाऊन लठ्ठ व्हायची. पुढे ती कुठे जातात, हे आमच्या घरात कुणी विचारत नसे. भाऊजी फक्त त्यांचं पाणी बघायचे. माझ्या स्वयंपाकघरातलंही बघायचे. तांदळाचं धुवण मोरीत ओतलं की मागून आवाज यायचा, "वहिनी, कुंड्या मेल्या का?"

तेव्हाची मी म्हणजे शहाणपण अंगात मावत नसलेली बाई. एकदा हट्टाने फार्म बघायला गेले. बघते तर पाण्याचे लांबच लांब हौद भरून वाहताहेत. म्हटलं, सापडला चोर. मला वाटीभर पाण्यावरून बोलणारा माणूस इथे पाट सोडून बसलाय. भाऊजी ऑफिसात गेले तशी मी पदर खोचला आणि भिंतीवरचा मोठा कॉक गच्च बंद केला. वर शाबासकीची वाट बघत बसले.

दुपारी गुरं हंबरायला लागली. हौद रिकामे, तळाशी उरलेलं पाणी इतकं तापलेलं की त्याला ती तोंड लावेनात. दोन जनावरं खाली बसली. पाणी सोडल्यावर एक उठलं, दुसरं नाही... पाणी गार राहावं म्हणून ते वाहतं ठेवलेलं, आणि वाहून गेलेला थेंबन् थेंब खालच्या टाकीत साठून त्यावर शेडची फरशी धुतली जायची. ती युक्ती भाऊजींचीच. भाऊजी हे सगळं मॅनेजरला सांगत होते, तेव्हा मला कळलं. मॅनेजर लालबुंद होऊन विचारत होता, कॉक कुणी बंद केला? भाऊजींनी माझ्या अजून खोचलेल्या पदराकडे पाहिलं आणि म्हणाले, "मीच. दुरुस्तीसाठी केला, सोडायला विसरलो."

पुढच्या वर्षी ते काम दुसऱ्याला गेलं. मला ते एका शब्दाने बोलले नाहीत. आमचे हे मात्र दर रविवारी जेवताना भावाला चिडवायचे, "पाण्याचा इंजिनियर, आणि पाणीच सोडायला विसरला." भाऊजी हसत ताक वाढून घ्यायचे. मीही हसायची. इतकी वर्षं हसले. ते गेले त्या दिवशी मी सगळं सांगून टाकणार होते, असं लिहायचा मोह होतो, पण ते खोटं आहे. त्या दिवशी माझ्या डोक्यात फक्त घावनं होती.

हॉस्पिटलने दिलेल्या पाकिटात चष्मा, किल्ल्या आणि एक नवा काळा वॉशर होता. तो ओट्यावर आहे. नळ टपकतो, खाली भाऊजींनीच ठेवलेलं पातेलं आहे, भरलं की मी ते पाणी कुंड्यांना घालते. आमचे हे दोनदा पान्हा घेऊन उठले. मी म्हटलं, थांबा. पेपरात माझं काहीतरी छापून येणार आहे, त्या हौदांबद्दल. आधी ते वाचा, मग नळाला हात लावा.