कोरड्या तलावातला पोहणारा

तिला सगळे बीपबाई म्हणायचे. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग ठेवणारा डबा बिघडला की आधी बीप-बीप करून डोकं उठवतो, आणि मग लोकांना तिची आठवण होते. एरवी वर्षवर्षभर कुणी विचारत नाही. तिला त्याचं वाईट वाटत नसे. "डबा गप्प आहे तोवर मीही गप्प," असं म्हणून ती पिशवी खांद्याला लावायची आणि निघायची.

वय बावन्न. आधी वीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली, ते बंद पडल्यावर हे काम शिकली. एक्स्चेंजने तिला कान दिले होते. डिस्कवर पेचकसाचं टोक टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. आत काय चाललंय ते तिला मीटरच्या आधी कळायचं. घरी ती आणि तिची थोरली नणंद, दोघीच. नणंदबाई शिवणकाम करायच्या आणि दिवसभर मशीनशी भांडायच्या.

कामात तिचा एक नियम होता. रेकॉर्डिंग चालतंय एवढं बघण्यापुरतंच बघायचं, चार-पाच सेकंद. त्यापुढे बघणं म्हणजे लोकांच्या खिडकीला डोळा लावणं, असं ती म्हणायची.

मंगळवारी सकाळी पोहण्याच्या तलावाच्या मॅनेजरांचा फोन आला. तलाव छताखालचा, मोठ्या हॉलमधला. तळाला तडा गेल्यामुळे आठ महिने पाणी काढून बंद ठेवलेला. "बाई, डबा कोकलतोय. आणि वॉचमन म्हणतोय, मी उद्यापासून येणार नाही."

"डबा कोकलतोय म्हणून?"

मॅनेजर घाईने म्हणाले, "तुम्ही याच."

वॉचमन दारातच उभा होता. मिशा भरघोस, अंगाने आडवा, पण चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं. तिला घेऊन तो काठाकाठाने निघाला. रिकाम्या तलावात पावलांचा आवाज जायचा आणि उशिराने परत यायचा, कुणीतरी मागून चालत असल्यासारखा. खाली निळ्या फरश्या कोरड्या ठणठणीत होत्या. तळावर पोहण्याच्या रांगा दाखवणारे काळे पट्टे होते.

"ताई, हसू नका," तो म्हणाला. "काल दुपारी चार वाजता इथे पाणी होतं."

डबा औषधांच्या खोलीत, क्लोरिनच्या पिंपांशेजारी ठेवलेला होता. वास नाकात झोंबत होता. तिने कपाळाला हात लावला. "इथे कुणी ठेवला हा? माणूस टिकायचा नाही इथे, डिस्क काय टिकणार?" केबलची टोकं हिरवी पडली होती. तिने आपला ॲडॅप्टर लावून बघितला, कारण अर्ध्या वेळा दोष विजेचाच असतो. बीप थांबली नाही. केबल बदलली. बीप थांबली. वॉचमनने सुस्कारा सोडला, पण तिने बोट वर केलं आणि पेचकस कानाला लावला.

आत टक् आवाज आला. मग खरडल्यासारखं काहीतरी. मग पुन्हा टक्. वाचणारा काटा जागा शोधत होता आणि भिंतीवर आपटून परत फिरत होता.

"संपत आलीय," ती म्हणाली. "दोन-चार तास. कालचं दाखवा बघू."

खोलीत एक जुना टीव्ही लावलेला होता. वॉचमनने कालचे चार काढले आणि तो स्वतः दाराबाहेर जाऊन उभा राहिला.

पडद्यावर तलाव भरलेला होता. पाणी हलत होतं, ट्यूबलाइटचे उजेड त्यात मोडत होते. मधल्या पट्ट्यातून एक माणूस पोहत येत होता. पांढरी टोपी, घाई नाही, एका लयीत. खोलीत डिस्कचं टक् झालं की चित्र गोठायचं. श्वास घ्यायला वळलेलं अर्धं तोंड उघडं, वीस वीस सेकंद तसंच. मग तो एकदम चार हात पुढे असायचा.

बीपबाईने उघड्या दारातून बाहेर बघितलं. कोरड्या फरश्या. पुन्हा पडदा. पाणी. पाच सेकंद केव्हाच होऊन गेले होते, आणि तिला नजर काढता येत नव्हती.

पण हात कामाचे होते. या जुन्या टीव्हीवर चित्राच्या कडा कापल्या जातात हे तिला ठाऊक होतं. तिने पिशवीतला छोटा पडदा काढून जोडला. चित्र पूर्ण दिसलं, आणि वरच्या कोपऱ्यात बारीक आकडे उमटले. खालची पट्टी कालचे चार म्हणत होती. कोपरा सव्वादोन वर्षांपूर्वीची चौदा तारीख दाखवत होता, सकाळचे अकरा चाळीस.

"अहो, इकडे या," तिने हाक मारली. "भूत नाही, खराब डिस्क आहे. तिचा एक तुकडा दोन वर्षांपूर्वीच बिघडला. तेव्हापासून त्यावर नवीन लिहिता येईना, पण जुनं पुसलंही गेलं नाही. आता यादीच विस्कटलीय. कालचं मागितलं की हा डबा ते जुनं काढून देतोय."

वॉचमनचा जीव भांड्यात पडला. तो इतक्या मोठ्याने हसला की हॉल दोनदा हसला. ते ऐकून तिकीट खिडकीवरच्या वहिनी खाली आल्या. तलाव बंद असला तरी त्या रोज येत, पासांची कामं बघत. पन्नाशीच्या, अंगाने बारीक, केस घट्ट बांधलेले.

"काय झालं एवढं?" म्हणत त्या आत आल्या आणि पडद्यासमोर थांबल्या.

डिस्क टक् करून थांबली, चित्र पुढे सरकलं.

"हे आमचे आहेत," वहिनी म्हणाल्या. "डावा हात बघा. खांदा मोडला होता ना त्यांचा. कोपरात वाकवूनच पाण्यात घालायचे."

वहिनींचे मिस्टर इथेच पोहायला शिकवायचे. पहिली बॅच अकराला सुटली की दुसरी येईपर्यंतच्या वेळात एकटे पोहत, हे मॅनेजरांनी नंतर सांगितलं. त्या वेळात दुसऱ्या कुणाला पाण्यात उतरायची परवानगी नव्हती.

वहिनी कोपऱ्यातल्या आकड्यांकडे वाकल्या. बराच वेळ वाकूनच राहिल्या.

"ही तारीख बरोबर आहे?"

"का हो?"

"बारा तारखेला त्यांना दवाखान्यात नेलं. सोळाला गेले. चौदाला ते आयसीयूत होते. मी तिथे होते."

वॉचमन पुन्हा दाराकडे सरकला.

"घड्याळ चुकतं," बीपबाई लगेच म्हणाली. "आतला छोटा सेल उतरला की तारीख मागेपुढे होते. नेहमीचं आहे." आणि ते खरंही होतं. असे शेकडो डबे तिने बघितले होते.

"असेल," वहिनी म्हणाल्या. "माझ्याकडे त्यांचा चालताबोलता असा एकही व्हिडिओ नाही. हे मिळेल?"

मग बीपबाई कामाला लागली. डिस्क बाहेर काढून उलटी ठेवली, टेबल फॅनसमोर थंड होऊ दिली, परत जोडली. पेन ड्राइव्हवर कॉपी लावली. कॉपी चार वेळा अडली. दर वेळी तिने डिस्क थंड केली आणि राहिलं होतं तिथून पुढे नेली. वहिनी स्टुलावर बसून होत्या, हात मांडीवर, नजर त्या डब्यावर. दुपारपर्यंत अकरा मिनिटं निघाली. त्यानंतर डिस्कने एकदा लांब किरकिर केली आणि ती थांबली ती थांबलीच.

वहिनींनी पेन ड्राइव्ह मुठीत घेतला. बीपबाईने कॅमेऱ्यासाठीची नवी डिस्क बसवली, डबा तिथून हलवून ऑफिसातल्या फळीवर ठेवला आणि आतला सेल बदलला. जुना सेल सवयीने मीटरवर धरला. तो चांगला भरलेला निघाला.

तिने तो पिशवीत टाकला आणि कुणाला काही सांगितलं नाही.

संध्याकाळी घरी तिने कॉपी लॅपटॉपवर उघडली. काही घोटाळा झाला तर हाताशी असावी म्हणून एक प्रत ती नेहमी ठेवत असे. तलावाचा कॅमेरा तिने लावलाच नाही. कॉपी सगळ्या कॅमेऱ्यांची झाली होती, तिने तिकीट खिडकीचा काढला. तीच तारीख, तीच अकरा मिनिटं. खिडकीत वहिनी नव्हत्या. मॅनेजर स्वतः बसले होते, पासांच्या गठ्ठ्यात गोंधळून गेलेले. खिडकीशी आलेल्या एका बाईने काहीतरी विचारलं. मॅनेजरांनी मान हलवली आणि बोटाने दवाखान्याची दिशा दाखवली असावी, कारण त्या बाईने तोंडाला पदर लावला.

म्हणजे त्या वेळी वहिनी दवाखान्यात होत्या, आणि घड्याळ बरोबर होतं.

तिने नणंदेला हाक मारली. नणंदबाईंनी चष्मा लावून दोन्ही तुकडे बघितले, तलावाचा आणि खिडकीचा.

"वन्सं, मी सांगू का त्यांना? का राहू दे?"

"तू त्यांना घड्याळ चुकलंय म्हणालीस ना?"

"म्हणाले."

"मग जा आणि सांग. उगाच खोटं राहायला नको मध्ये."

दुसऱ्या दिवशी ती तिकीट खिडकीपाशी गेली. कसं सांगावं ते वाटेत दहादा जुळवलं होतं, पण तोंडातून सरळ निघालं. "वहिनी, मी चुकले. तारीख बरोबर होती. पाण्यात कोण होतं ते मला सांगता येत नाही. मला फक्त डिस्क कळते."

वहिनींनी खिडकीची काच सरकवली, म्हणजे नीट ऐकू येईल.

"चौदाला सकाळी ते शुद्धीवर नव्हते," त्या म्हणाल्या. "पण हात हलत होते. आधी उजवा, मग डावा. पुन्हा उजवा. डॉक्टर म्हणाले झटके आहेत, इंजेक्शन देतो. मी म्हटलं, थांबा. साडेअकरा-पावणेबारा झाले असतील. दहा मिनिटं तरी चाललं. मग सावकाश थांबले, आणि मोठा श्वास घेतला, काठाला लागल्यावर घेतात ना, तसा."

मागे कुणीतरी येऊन उभं राहिलंय असं वाटून बीपबाईने वळून बघितलं. कुणी नव्हतं. हॉलमध्ये कुठेतरी एक थेंब पडल्यासारखा आवाज झाला, आणि त्याचा प्रतिध्वनी बराच वेळ फिरत राहिला.

"भीती वाटली का हो तुम्हाला?" वहिनींनी विचारलं.

"वाटली."

"मला नाही वाटली. घरी जाऊन तीनदा बघितलं. मुलीलाही पाठवलं." त्या थोड्या हसल्या. "ती म्हणाली, बाबांना टोपी कधी नीट घालता आली नाही."

वॉचमनला यातलं काही कुणी सांगितलं नाही, तरी त्याने महिनाअखेरीस बागेत बदली करून घेतली. तडा बुजवून तलावात पाणी सोडलं, बॅचेस सुरू झाल्या, पोरांचा गलका परत आला. नवीन डिस्क बिनतक्रार चालते आहे. पहिली बॅच सुटल्यावर दुसरी येईपर्यंत पाण्यात कुणी उतरायचं नाही, हा नियम वहिनींनी मॅनेजरांकडून पुन्हा लिहून घेतला आणि खिडकीच्या काचेवर आतून चिकटवला. बीपबाई वर्षातून दोनदा डबा साफ करायला तिथे जाते. पण त्या वेळात ती कधी जात नाही. आधी फोन करून विचारते, आणि दुपारचं ठरवते.